कॉम्प्युटरवाला डॉब रुसला की आधी काय बघायचं

पाऊस गेला, आकाश उघडलं की नाशकात गच्च्यांवर दुर्बिणी निघतात आणि पाठोपाठ तुमचे मेसेज. या वेळचे बरेचसे एकाच दुखण्याचे आहेत, डॉबसोनियनला (साध्या तळावर फिरणारी आरशाची दुर्बीण, आपला डॉब) कॉम्प्युटर आहे, अलाइनमेंट केली (ओळखीचे दोन तारे दाखवून त्याला आकाश समजावलं), आणि तो नेतो तिथे काहीच नाही. त्यातले पाच घेतलेत. पहिल्याला जास्त जागा दिली कारण तो प्रकार मी स्वतः तीनदा तरी बघितलाय.

प्रश्न (सिडको) : ८ इंची गोटू (सांगितलेली वस्तू मोटरने स्वतः शोधणारा) डॉब घेतलाय. २८ नोव्हेंबरला लावला तेव्हा भन्नाट चालला, शनी, देवयानी दीर्घिका सगळं एका बटणावर. ५ डिसेंबरला रात्री ९ वाजता लावला तर ताऱ्यांच्या यादीत मघा आणि चित्राच पुढे येत होते, त्यातली मघा घेतली, डोक्यावर एक चांगला तारा होता तो मध्ये आणून एंटर मारलं, दुसऱ्या ताऱ्याचंही तसंच केलं. मग देवयानी म्हटलं की नळी शेजारच्या बिल्डिंगकडे. दुकानदार म्हणतो बोर्ड गेलाय, पाठवून द्या. पाठवू का?

उत्तर : अजिबात पाठवू नका, बोर्ड ठणठणीत आहे. तुमचा प्रश्न वाचूनच शंका आली म्हणून फोन केला आणि एवढंच विचारलं की २८ तारखेला हँडसेटमध्ये (हातातल्या बटणांच्या रिमोटमध्ये) तारीख कोणी टाकली, तर तुम्ही म्हणालात मुलाने, आणि ५ तारखेला मी. तिथेच उत्तर आहे. या हँडसेटला आधी महिना लागतो, मग दिवस, मग वर्ष. आपण जन्मभर दिवस आधी लिहितो. २८ तारखेला मुलाने आपल्या पद्धतीने टाकून बघितली असणार पण अठ्ठाविसावा महिना नसतोच, मशीनने घेतली नाही, म्हणून त्याने उलटी टाकली आणि काम झालं. ५ तारखेला तुम्ही ०५ आणि १२ टाकलंत, ते मशीनला चाललं, फक्त त्याच्या लेखी ती १२ मे झाली. म्हणून ही चूक महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांतच होते, तेराव्यापासून मशीन स्वतःच अडवतं, आणि लोकांना वाटतं दुर्बीण कधी चालते कधी नाही, कुठेतरी लूज कनेक्शन आहे.

आता यादी बघा. मे महिन्यात रात्री ९ ला मघा आणि चित्रा वर असतात हे खरंच आहे. पण ५ डिसेंबरला आपल्याकडे मघा उगवायलाच रात्रीचे साडेअकरा होतात आणि चित्रा तर पहाटे तीननंतर. तुम्ही मघा समजून जो धरलात तो बहुतेक भाद्रपदाच्या चौकोनातला तारा, त्या वेळी डोक्यावर तोच चौकोन असतो. मशीनला आकाश दिसत नाही हो, ही मघा म्हटलं की त्याच्यासाठी ती मघाच, पुढचं सगळं गणित तो त्यावर रचतो. त्यामुळे यादीतले तारे आकाशात नसतील तर तिथेच थांबायचं, जवळचा एखादा धरून पुढे जायचं नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला ९ वाजता रोहिणी पूर्वेला ४० अंशांच्या वर असते आणि मीनास्य नैऋत्येला ३० च्या आसपास, ही जोडी घ्या, मस्त बसते.

तारीख नीट करताना बाकीचंही तपासा. नाशिक म्हणजे रेखांश ७३ अंश ४७ मिनिटं पूर्व, अक्षांश २० अंश उत्तर, हँडसेट रेखांश आधी मागतो. टाइम झोन अधिक ५:३०, नुसतं ५ नाही. आणि डेलाइट सेव्हिंग विचारलं की नाही म्हणायचं. अर्धा तास चुकला तर आकाश साडेसात अंश सरकतं कारण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, आणि आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) तुम्हाला जेमतेम १ अंश दिसतो.

याचीच दुसरी बाजू सांगतो, ती फार कामाची आहे. खरे तारे नीट ओळखून दोन्हीवर अलाइन केलं असेल तर वेळेतली छोटी चूक त्यातच जिरते, तेजोमेघ, तारकागुच्छ सगळे बरोबर सापडतात. पण तारे बरोबर आणि ग्रह, चंद्र मात्र चुकीचे असं झालं तर डोळे झाकून तारखेकडे जा. तारे जागचे हलत नाहीत, चंद्र दिवसाला १३ अंश सरकतो आणि गुरूसुद्धा वर्षाला सरासरी ३० अंश.

प्रश्न (पंचवटी) : वय ७१. नक्षत्रं लहानपणापासून पंचांगामुळे पाठ आहेत, पण नातवाच्या दुर्बिणीच्या हँडसेटवर सगळी परकी नावं, कुठला तारा कुठला ते कळत नाही. पुनर्वसू धरला तर सगळं थोडं थोडं चुकतं.

उत्तर : काका, तुमच्याइतकी ओळख असणाऱ्याला हा हँडसेट दोन दिवसांत जमेल, कारण अवघड भाग तुम्हाला येतोच. अल्डेबरान म्हणजे आपली रोहिणी, रेग्युलस मघा, स्पायका चित्रा, आर्क्टुरस स्वाती, अँटारेस ज्येष्ठा, अल्टेअर श्रवण, व्हेगा अभिजित, कपेला ब्रह्महृदय, सिरियस व्याध, कॅनोपस अगस्त्य, फोमलहाट मीनास्य. एवढी एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून हँडसेटच्या मागे चिकटवा, वर्षभर पुरतात.

पुनर्वसूची गोष्ट वेगळी, तिथे दोन तारे जवळजवळ आहेत, कॅस्टर आणि पोलक्स, मध्ये साडेचार अंशांचं अंतर. यादीत पोलक्स निवडला आणि नळीत कॅस्टर धरला तर सगळं आकाश तेवढंच खेचलं जातं, तुमचं थोडं थोडं चुकतं ते हेच. त्यातला जास्त तेजस्वी आणि किंचित पिवळसर तो पोलक्स. शंका असेल तर पुनर्वसू सोडूनच द्या. कृत्तिकाही नको, तो तर पुंजका आहे, मध्ये आणायचं ते कुणाला.

आणखी एक, हे खास नाशिककरांसाठी. स्वाती आपल्या इथे जवळजवळ बरोब्बर डोक्यावरून जाते, तिची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर) १९ अंश उत्तर आणि आपला अक्षांश २०. मेच्या मध्यावर रात्री अकरा-सव्वाअकराला ती एवढी वर असते की डॉबची नळी सरळ आभाळाकडे उभी, अशा वेळी तळ कितीही गोल फिरवला तरी तारा फारसा हलत नाही, म्हणजे दिशेचं मोजमाप कच्चं राहतं. तेव्हा ती घेऊ नका, दोन तास आधी पूर्वेला असताना घ्या. आणि अगस्त्य उलट टोकाला, आपल्याकडे जास्तीत जास्त १७ अंश वर येतो, तिथे हवा तारा उचलून दाखवते, तोही नको. ३० ते ६० अंशांच्या मधले दोन तारे, एकमेकांपासून लांब, एक पूर्वेला तर दुसरा दक्षिणेला किंवा पश्चिमेला, हे जमलं की बहुतेक काम झालं.

प्रश्न (गंगापूर रोड) : माझ्याकडे मोटर नसलेला, हाताने ढकलायचा आणि आकडे शून्य होईपर्यंत न्यायचा डॉब आहे. दोन तारे बरोबर धरते, तरी वॉर्प नंबर (अलाइनमेंट किती चुकली ते सांगणारा आकडा) १ च्या वर येतो. वरच्या वस्तू सापडतात, खालच्या दीड-दोन अंश चुकतात. गच्चीला उतार आहे म्हणून असेल का? खाली पुठ्ठे लावून थकले.

उत्तर : ताई, पुठ्ठे काढून टाका. गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार असतोच आणि दोन ताऱ्यांच्या अलाइनमेंटमध्ये तो मशीन स्वतःच धरून घेतं, तळ थोडा तिरका असला तरी चालतं. चालत नाही ते नळी आणि तळ यांच्यातला काटकोन चुकलेला. तुमच्या मॉडेलमध्ये सुरू करताना नळी उभी करून स्टॉपला टेकवायची आणि बटण दाबायचं असतं ना, त्या क्षणी मशीन समजतं की नळी तळाशी बरोबर ९० अंशात आहे. ती ८९ मध्ये असेल तर चूक तिथेच शिरली, आणि नळी खाली आणली की वेगळी दिसते, वर वेगळी. चूक उंचीप्रमाणे बदलते असं तुम्ही लिहिलंत त्यावरूनच हे कळलं, इतकं नीट बघून लिहिणारं पत्र आलं की फार बरं वाटतं.

करायचं असं. दिवसा, घरात, सपाट फरशीवर. गवंड्याकडे असते ती पाणसळ आणा, फूटभर लांबीची पुरे. आधी ती तळाच्या लाकडावर ठेवा, नळी ज्या दिशेत वरखाली होते त्याच दिशेत, आणि पायाखाली कागदाच्या घड्या सारून बुडबुडा मध्ये आणा. मग नळी उभी करून स्टॉपला टेकवा आणि पाणसळ नळीच्या तोंडावर आडवी ठेवा, पुन्हा त्याच दिशेत. आरशात काही पडू नये म्हणून झाकण लावलेलं असू दे, पाणसळ झाकणावर नाही तर कडेच्या धातूच्या रिंगवर टेकली पाहिजे. बुडबुडा एका बाजूला गेला तर स्टॉपचा स्क्रू काढून वॉशर एक कमी किंवा एक जास्त करा, परत बघा. माझ्या ओळखीतल्या एकीला एकच पातळ वॉशर काढावा लागला आणि वॉर्प नंबर १.४ वरून ०.२ वर आला, ०.५ च्या आत असला की निश्चिंत राहा.

हे करूनही पहिला अर्धा तास बरोबर आणि मग हळूहळू बिघडत गेलं तर कारण वेगळं, तळाच्या मधला बोल्ट ढिला असेल आणि आडव्या दिशेचा एन्कोडर (नळी किती फिरली ते मोजणारा भाग) नळीबरोबर फिरताना घसरत असेल, किंवा टेलिफोनच्या पिनसारखी जी पिन आहे ती पूर्ण बसलेली नसेल. पिन दाबली की टक असा आवाज आला पाहिजे. बोल्ट मात्र जिवाच्या आकांताने आवळू नका, तळ जड फिरायला लागतो.

प्रश्न (देवळाली कॅम्प) : नळी वेगाने फिरायला लागली की हँडसेट बंद होऊन परत सुरू होतो, अलाइनमेंट पुसून जाते. वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावलाय, पिन तर बसते.

उत्तर : पिन बसते, करंट पुरत नाही. राउटरचे अडॅप्टर बहुतेक १ अँपियर किंवा त्याहून कमीचे असतात, दोन्ही मोटर एकदम पळाल्या की व्होल्टेज कोसळतं आणि हँडसेट रिसेट होतो. १२ व्होल्ट आणि किमान २ अँपियर, ३ असेल तर उत्तम. त्यापेक्षा यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी घ्या, जाडसर आणि शक्य तेवढी आखूड वायर लावा, मधली पिन पॉझिटिव्ह हे मल्टिमीटरने बघूनच जोडा, उलटं लागलं तर मात्र बोर्ड खरंच जाईल. थंडीत बॅटरी लवकर बसते, निफाडकडे किंवा तुमच्या कॅम्पात डिसेंबर-जानेवारीत तर नक्कीच, तेव्हा ती जमिनीवर न ठेवता जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवा.

प्रश्न (म्हसरूळ, अकरावीतली वाचक) : आमच्याकडे मोबाइल अडकवायचा डॉब आहे, कॅमेऱ्याने तारे ओळखून बाण दाखवतो. बाण हिरवा होतो पण वस्तू आयपीसच्या बाहेर असते. आणि सर म्हणतात आधी नुसत्या डोळ्यांनी आकाश शिका, मग कॉम्प्युटर. खरंय का?

उत्तर : बाणाचं सोपं आहे. तुमच्या फोनचा कॅमेरा आकाशाचा फोटो काढून ताऱ्यांची रचना जुळवतो, त्यामुळे तो कुठे बघतोय ते त्याला पक्कं माहीत असतं, पण नळी त्याच दिशेला बघतेय का हे तूच त्याला शिकवायचंस. म्हसरूळहून रामशेज किल्ला समोर दिसतो, ऊन उतरलं की त्याच्या कड्यावरचा एखादा ठळक दगड २५ मिमीच्या आयपीसमध्ये बरोबर मध्ये आण, मग ॲपमध्ये फोनच्या चित्रावर तोच दगड मोठा करून क्रॉसखाली आण आणि सेव्ह कर. सूर्य पश्चिमेला असेल तेव्हा नळी पश्चिमेकडे वळवायचीच नाही, एक क्षणही नाही. फोन काढून परत लावलास की हे पुन्हा करायचं, कव्हर काढलं किंवा बदललं तरीसुद्धा, आणि कॅमेऱ्याची काच रुमालाने पूस, बोटाचा ठसा असला तर तारे पसरतात आणि ॲप नुसतं शोधत बसतं.

सरांचं म्हणणं अर्धं मला पटतं. दहा-बारा ठळक तारे ओळखता आलेच पाहिजेत, वरचं सिडकोचं पत्र वाचलंस तर का ते कळेल. पण सगळं आकाश पाठ होईपर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही हे मला मान्य नाही. शहरात पोर्णिमेच्या आसपास आठ तारेसुद्धा धड दिसत नाहीत, अशा वेळी मशीनने एखाद्या मुलीला हर्क्युलिसमधला एम १३ तारकागुच्छ दाखवला तर ती उद्या परत गच्चीवर येते. ज्यांच्या नावाने ही दुर्बीण ओळखली जाते ते जॉन डॉबसन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात २३ वर्षं संन्यासी होते, टाकाऊ वस्तूंतून, स्वतः काच घासून दुर्बिणी करायचे आणि मठ सुटल्यावर त्या फुटपाथवर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र, शनी दाखवायचे. समोरच्याने आधी काय शिकलंय हे ते विचारत नव्हते.

तू एक कर, बाण लावून वस्तू सापडली की फोन बाजूला ठेव आणि नळीच्या वरून नुसत्या डोळ्यांनी बघ, आसपास कुठले तारे आहेत, वहीत चार ठिपके काढ. पुढच्या वेळी आधी वहीवरून शोध आणि मग बाण लावून तपास. पहिल्या पाच वस्तू झाल्या की वहीच्या पानांचे फोटो मला पाठव, कुठे अडलीस ते त्यावरून सांगतो.