आजी समुद्राशी थांबत का नाही?

प्रिय सानू,

काल तू विचारलंस, "आजी समुद्राशी पोचली, नदी संपली, मग ती घरी का येत नाही?" मी तेव्हा "नर्मदा परिक्रमा आहे ना" एवढंच म्हणाले. ते काही उत्तर नव्हतं.

तुझ्या मैत्रिणीचे बाबा स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राहून पुढे समुद्रकाठच्या फिनिस्तेरेपर्यंत चालत गेले. तिथे शून्य किलोमीटर लिहिलेला दगड आहे, पुढे समुद्र, वाट संपली. आजीची वाट गोल आहे. नर्मदा 1312 किलोमीटर लांब, आणि तिला सतत उजव्या हाताला ठेवून चालायचं. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालेली आजी आता विमलेश्वरला आहे. तिथून नावेने पलीकडे मिठी तलाई, मग उत्तर तटाने उलट अमरकंटकपर्यंत, उगमाला वळसा आणि पुन्हा ओंकारेश्वर.

भरूचला 1881 सालचा पूल आहे, मग नाव कशाला, हेही तू विचारशीलच. परिक्रमेत नदी ओलांडायची नाही. पूल नदीवरून जातो, नाव मात्र नदी जिथे समुद्राला मिळाली तिथून, तिच्या मुखाबाहेरून वळते.

ही नाव भरतीवरच सुटते. ओहोटीला मुखाशी गाळ उघडा पडतो. वेळ चुकली तर नाव रुतून बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे जवळजवळ बारा तास, तशीच राहते. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून नाव कधी पहाटे, तर कधी मध्यरात्री. प्रवास तीन-चार तासांचा. पिण्याचं गोडं पाणी जवळ हवं, मोबाइल आणि कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले हवेत. मोजे ओले राहिले की दुसऱ्या दिवशी टाचेला फोड ठरलेला. लाईफ जॅकेट मागून घे, असं मी तिला तीनदा सांगितलंय. या वयात तिने हे करावं का, याचं उत्तर माझ्याकडेही नाही.

आपल्या देवघरात अण्णांची छोटी कुपी आहे ना, तशीच आजीच्या झोळीत आहे, नर्मदेच्या पाण्याने भरलेली. रोज संध्याकाळी तिची पूजा होते. संगमावर त्यातलं अर्धं पाणी समुद्राला द्यायचं आणि तेवढंच समुद्राचं भरून घ्यायचं. लहानपणी मला वाटायचं, गोडं पाणी खारट करून काय मिळतं? अजूनही नीट सांगता येत नाही. पण ते मिसळलेलं पाणी ओंकारेश्वरला वाहिल्याशिवाय परिक्रमा पुरी होत नाही, म्हणून आजीला समुद्राशी थांबता येत नाही.

तू कधी चालावंस असं मी म्हणत नाही. मिठी तलाईला उतरली की ती फोन करेल, चिखलातून किनाऱ्यावर आल्यावर. उचलल्या उचलल्या "नर्मदे हर" म्हणेल. वाटलं तर तूही म्हण, आणि कुपीचं बूच घट्ट बसलंय का, ते विचार.

तुझी आई