मस्टँगचं चार सिलिंडरचं इकोबूस्ट इंजिन पळतं का, टिकतं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत २०१५ ते २०१७ मधली सेकंडहँड मस्टँग बघतोय, व्ही-८ परवडत नाही, तर २.३ लिटरचं इकोबूस्ट, म्हणजे फोर्डचं टर्बो बसवलेलं चार सिलिंडरचं इंजिन, घेतलं तर पळेल का आणि टिकेल का.

पळेल. टिकेल. उत्तर इथेच संपलं असतं, पण ते "परवडत नाही" वाचलं आणि राहवेना. आमचे साडू गेली कित्येक वर्षं मला हेच ऐकवतायत. "परवडली नाही म्हणून चार सिलिंडर घेतलीस, कबूल कर ना!" त्यांच्याकडे ५.० लिटरची जीटी आहे, म्हणजे व्ही-८ वाली मस्टँग. माझ्याकडे २०१५ ची इकोबूस्ट, सहा गिअरची मॅन्युअल. एकदा गणपतीच्या आरतीनंतर वीस माणसांत म्हणाले, "नाव मस्टँग, आवाज मिक्सरचा. आणि तोही म्हणे स्पीकरमधून येतो." इंजिनाचा आवाज केबिनमध्ये स्पीकरमधून वाढवून ऐकवतात हे खरं आहे. लाज वाटण्यासारखं आहे, मान्य. पण आवाजाने गाडी पळत नाही.

आकडे बघा. इकोबूस्ट ३१० हॉर्सपॉवर आणि ४३४ न्यूटन-मीटर टॉर्क (ओढ), तेही ३००० आरपीएमला. त्याच वर्षीची ३.७ लिटरची व्ही-६ ३०० हॉर्सपॉवर, टॉर्क ३८० च्या घरात. जीटी ४३५. इकोबूस्टला साठ मैलांचा वेग साडेपाच सेकंदांच्या आसपास येतो. जीटी त्याच्या पुढेच राहणार, त्यात वाद नाही. पण इकोबूस्ट तिच्यापेक्षा साधारण ८० किलोंनी हलकी आहे आणि नाकावरचं ओझं कमी. वळणावर ते स्टिअरिंगमध्ये जाणवतं. मिशिगनमध्ये वळणं कुठे आहेत हा साडूंचा पुढचा प्रश्न, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आणि चार सिलिंडरची मस्टँग ही काल-परवाची भेसळ आहे असं कोणी म्हणालं, तर सांगा की १९७४ च्या मस्टँगमध्ये व्ही-८ मिळतच नव्हतं. होतं ते २.३ लिटरचं चार सिलिंडर नाहीतर व्ही-६. पुढे १९८४ मध्ये एसव्हीओ नावाची मस्टँग आली, चार सिलिंडर, टर्बो, १७५ हॉर्सपॉवर. तिच्या डॅशबोर्डवर एक बटण होतं: आज टाकीत प्रीमियम भरलंय की रेग्युलर, हे इंजिनाला सांगायचं. ते बटण लक्षात ठेवा.

आता टिकण्याचं. २०१८ चा लेबर डे. आम्ही मॅकिनॉ पुलाकडे निघालो होतो. बायका-पोरं मागून मिनीव्हॅनमध्ये, मी आणि साडू माझ्या गाडीत, मागच्या सीटवर थालीपिठांचा डबा आणि फोल्डिंगच्या खुर्च्या. (मस्टँगची मागची सीट एवढ्याच कामाची असते.) ग्रेलिंगला गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायला थांबलो. मी रेस्टरूमला गेलो. परत येतो तर साडू नॉझल जागेवर लावतायत. म्हणाले, "राहू दे रे, आज गॅस माझा." मी थँक्यू म्हटलं. नको तिथे म्हटलं.

गेलॉर्डच्या अलीकडे चढ लागला आणि आम्ही बोट ओढणाऱ्या एका पिकअपमागे अडकलो. वेग पन्नास, गाडी सहाव्यात, काटा १५०० च्या आसपास. पिकअप उजवीकडे झाला आणि साडू म्हणाले, "बघू तरी, सहाव्यात ओढतंय का तुझं चार सिलिंडर. आमच्याला गिअर बदलावा लागत नाही."

मी गिअर बदलला नाही. पाय खाली दाबला.

आधी पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवल्यासारखा आवाज आला. मग एकच ठोका, सीटला जाणवेल असा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, गाडी थरथरायला लागली, आरशात निळसर धूर. खांद्यावर घेतली. साडू खाली उतरले, धुराकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हटलं नव्हतं?"

गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट झाली, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजलं. तीन सिलिंडर सारखे, एक जवळजवळ मेलेला. तो पिस्टन मी मागून आणलाय, तो आमच्या तळघरात पेंटच्या डब्यांशेजारी आहे. दोन रिंगांच्या खाचांमधली जी कड असते, तिचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा उडालाय. बिस्किटाचा चावा घ्यावा तसा. बाकी पिस्टन नवाकोरा. सगळं इंजिन बदलावं लागलं, सहा हजार डॉलरच्या वर गेले.

टो ट्रकची वाट बघताना मला कपहोल्डरमध्ये पावती सापडली. रेग्युलर, ८७ ऑक्टेन. मी प्रीमियम, म्हणजे ९३ ऑक्टेन, त्याशिवाय काही घालत नाही. मी ती साडूंपुढे धरली. त्यांनी शांतपणे ग्लोव्हबॉक्समधून मॅन्युअल काढलं, पान शोधलं आणि बोट ठेवलं: ८७ चालतं. आणि ते खरंच आहे. ८७ घातलं की कॉम्प्युटर स्पार्क मागे घेतो, म्हणजे ठिणगी जरा उशिरा टाकतो, ताकद थोडी कमी मिळते, बाकी काही होत नाही.

तर ऑक्टेनचा दोष अर्धाच. खरी गोम कमी आरपीएमला पूर्ण पाय दाबण्यात आहे. टर्बो कमी आरपीएमपासूनच हवा कोंबायला लागतो, पिस्टन हळू चाललेला असतो, सिलिंडरमध्ये तेलाचा एखादा थेंब किंवा कार्बनचा कण आला की स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं. वर चढणाऱ्या पिस्टनवर समोरूनच घण बसतो. लहान टर्बो इंजिनांचा हा जुना रोग आहे, कुठल्याही कंपनीचं असो. म्हणूनच तेलाचे नवे ग्रेड आले, आधी एसएन प्लस, मग एसपी. डब्यावर एसपी बघूनच घ्या आणि पाच हजार मैलांना बदला. चढ आला की दोन गिअर खाली या. साडू शेजारी बसलेले असले तरी या.

हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) जातं असं तुम्ही ऐकलं असेल. ती भानगड फोर्डच्याच फोकस आरएस गाडीची. तिच्या २.३ ला चुकून मस्टँगचं गॅस्केट बसवलं गेलं होतं. मस्टँगला तेच गॅस्केट बरोबर आहे. व्हॉल्व्हवर कार्बन साचतो हे मात्र खरं, कारण पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं आणि इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. २०२४ पासूनच्या नव्या २.३ मध्ये पोर्टमध्येही इंजेक्टर दिलेत, पण ती तुमच्या बजेटमधली दिसत नाही. टर्बोची कटकटच नको असेल तर २०१७ पर्यंतची व्ही-६ घ्या. कंटाळवाणी आहे, पण चालत राहते.

गाडी बघायला जाल तेव्हा कॉम्प्रेशन टेस्ट करा, आणि मालकाला तोंडावर विचारा की ट्यून केली होती का, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलला होता का. "नाही" म्हणाला तरी एअर फिल्टर बाहेरच्या कंपनीचा आहे का ते बघा. हौशी माणूस तिथूनच सुरुवात करतो.

हे मला कसं माहीत, तर माझ्या गाडीत ट्यून होती. ऑनलाइन घेतलेली, बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवणारी, फक्त ९३ साठीची. तिच्यात कॉम्प्युटरला मागे हटायला फारशी जागाच ठेवलेली नव्हती. त्यामुळे वॉरंटीकडे गेलोच नाही. कंपनीतून आली तशी गाडी असती तर त्या चढावर बहुतेक काही झालं नसतं, ८७ घालूनसुद्धा. नवं इंजिन मी तसंच ठेवलंय आणि त्यावर सत्तर हजार मैल झाले, तेलाशिवाय आणि प्लगशिवाय काही बदललेलं नाही.

ट्यूनचं साडूंना अजून माहीत नाही. बायकोलाही नाही. साडू माझी उत्तरं वाचतात, पण पहिल्या दोन परिच्छेदांत त्यांचं नाव निघालं की चिडून बंद करतात, म्हणून हे खाली लिहिलंय.