आतलं फीचर बाहेर येतं तेव्हा

प्रश्न: ऐरोलीत एका कंपनीत मी ॲप डेव्हलपर आहे. आयफोनमध्ये एनएफसी, म्हणजे फोन जवळ टेकवून पैसे द्यायचं किंवा माहिती वाचायचं तंत्र, कधीचं आहे, मग ते बाहेरच्यांना द्यायला ॲपलने एवढी वर्षं का लावली?

चिप 2014च्या आयफोन 6मध्येच होती, पण फक्त ॲपल पे या ॲपलच्या स्वतःच्या पेमेंट सेवेसाठी. बाहेरच्या ॲपना टॅग (एनएफसी चिप असलेले स्टिकर किंवा कार्ड) वाचायची मुभा 2017मध्ये आयओएस 11ने दिली, लिहायची 2019मध्ये. युरोपीय आयोगाच्या चौकशीनंतर 2024मध्ये तिथे पेमेंटसाठीही ती खुली करणं ॲपलला बंधनकारक झालं. त्याच वर्षी आयओएस 18.1मधून आणखी काही देशांत ती सोय आली. त्या पहिल्या यादीत भारत नव्हता.

उशिराचं एक कारण खरंच तांत्रिक असतं. आतला कोड बदलायचा तर शेजारच्या टीमला सांगितलं की भागतं. तोच एपीआय, म्हणजे बाहेरच्या ॲपनी ते फीचर वापरायचा ठरलेला मार्ग, म्हणून जाहीर केला की त्यावर हजारो ॲप उभी राहतात. मग एका एररचा कोड बदलला तरी कुणाचं तरी ॲप कोसळतं. शिवाय परवानग्या, डॉक्युमेंटेशन, सुरक्षेची तपासणी हे सगळं आलंच. हे मला मान्य आहे. पण त्या आडून कंपनीने वर्षानुवर्षं स्वतःच्याच सेवेला पुढे ठेवावं, हे मला पटत नाही.

प्रश्न: अँड्रॉइडमध्ये एक लपलेली मेथड, म्हणजे बाहेरच्यांसाठी जाहीर न केलेलं फंक्शन, सापडली. रिफ्लेक्शनने, म्हणजे चालू प्रोग्राममधून नावाने शोधून बोलावली, की चालते. वागळे इस्टेटमधल्या क्लायंटची डेडलाइन तोंडावर आहे. वापरू का?

नका वापरू. लॉगकॅट (अँड्रॉइडच्या नोंदी दाखवणारं टूल) उघडा, 'ॲक्सेसिंग हिडन मेथड' अशी वॉर्निंग बहुतेक दिसेलच. 2018च्या अँड्रॉइड 9पासून गूगलने अशा वापरावर बंधनं घातली आहेत. आज नुसती वॉर्निंग देणारी मेथड पुढच्या व्हर्जनमध्ये ब्लॉक होऊ शकते, आणि मग तुमच्या टेबलावरच्या फोनवर नीट चालणारं ॲप क्लायंटच्या नव्या फोनवर क्रॅश होतं. 'सार्वजनिक एपीआय द्या' अशी मागणी गूगलच्या इश्यू ट्रॅकरवर (तक्रारी आणि मागण्या नोंदवायच्या साइटवर) नोंदवा. मेथड कशासाठी हवी ते नेमकं लिहा. क्लायंटला आजच फोन करून ते फीचर पुढच्या रिलीजला ढकला.

प्रश्न: एकदा उघडलेलं पुन्हा बंद होतं का?

होतं. 2023मध्ये ट्विटरने बाहेरच्यांनी बनवलेल्या, ट्विटर वापरायच्या ॲपना एपीआय बंद केला. त्याच वर्षी रेडिट या चर्चेच्या साइटने एपीआयसाठी एवढे दर लावले की रेडिट वाचायचं 'अपोलो' हे लोकप्रिय ॲप 30 जूनला बंद पडलं. घोडबंदर रोडवर दोघा-तिघांनी चालवलेल्या स्टार्टअपला असा धक्का झेपत नाही. म्हणून एपीआयशी बोलणारा कोड एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये (कोडच्या स्वतंत्र भागात) ठेवा आणि ग्राहकांचा डेटा स्वतःकडेही साठवा. अटींमध्ये त्याला परवानगी आहे ना, हे आधी वाचून घ्या.