36व्या आठवड्यातला ‘भ्रूण’

प्रश्न असा: ‘36व्या आठवड्यात भ्रूणाची फुफ्फुसं परिपक्व होतात’ हे वाक्य बरोबर आहे का? की ‘गर्भाची’ किंवा ‘अर्भकाची’ म्हणावं?

गर्भाची. दिवस भरत आलेल्या, अडीच किलोंच्या पुढे गेलेल्या, डोळ्यांची उघडझाप करणाऱ्या जिवाला भ्रूण म्हणणं म्हणजे मिसरूड फुटलेल्याला तान्हुला म्हणणं. तरी हल्ली जिथे तिथे भ्रूणच! शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं, तर साधारण 10 आठवड्यांपर्यंत भ्रूण. तेव्हा डोक्यापासून ढुंगणापर्यंत लांबी जेमतेम 3 सेंटिमीटर, पण मुख्य अवयवांची मांडणी झालेली. तिथून जन्मापर्यंत गर्भ, जन्मल्यावर अर्भक. गर्भावरून गाभा, गाभण, गाभारा हे सगळ्यांना ठाऊक आहे, सोडून देतो.

खरी गंमत भ्रूणात आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या (धातूंच्या) जुन्या यादीत, ‘भ्रूण आशाविशङ्कयोः’ असा धातू दिलाय: आशा बाळगणं आणि धास्ती वाटणं, दोन्ही एकाच धातूत! ऋग्वेदात (10.155) हा शब्द येतो तोही अलक्ष्मीला हाकलून लावताना, कारण ती भ्रूणांचा नाश करते. म्हणजे धास्ती तेव्हापासूनची. आणि ती नेमकी कुठल्या काळातली? गर्भपात सर्वाधिक होतात ते पहिल्या 12 आठवड्यांत. आशा आणि धाकधूक हातात हात घालून चालतात ते हेच दिवस. शब्द तिथेच शोभतो.

‘भृ’ म्हणजे धारण करणे, त्यावरून भ्रूण, असं ठासून सांगणारे पंडित आहेत. त्यांनी आधी ‘ऋ’चा दीर्घ ‘रू’ कसा झाला ते सांगावं. धातूच मुळात नामावरून मागाहून घडवला, हा दुसरा आक्षेप. घडवला असेल! पण घडवणाऱ्याला हेच दोन अर्थ का सुचले, ते हा आक्षेप सांगत नाही.

हां, वाक्य राहिलंच. त्यातलं ‘होतात’ही मला खटकतं. फुफ्फुसं ठरल्या तारखेला पिकत नाहीत. सर्फॅक्टंट हा स्निग्ध पदार्थ 24व्या आठवड्याच्या आसपास तयार व्हायला लागतो आणि 35व्याच्या सुमाराला बहुधा पुरेसा होतो. तो कमी पडला तर उच्छ्वासागणिक वायुकोश मिटतात, पुढच्या श्वासाला पुन्हा जोर लावून उघडावे लागतात. फार लवकर जन्मलेलं बाळ श्वास घेता घेता दमतं ते यामुळे. 36व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळालाही कधी कधी हा त्रास होतो. अशा हळूहळू पुऱ्या होणाऱ्या गोष्टीसाठी मराठीत ‘होत येणे’ हे नेमकं क्रियापद असताना ते वापरायला काय हरकत आहे? तेव्हा लिहा: ‘36व्या आठवड्यापर्यंत गर्भाची फुफ्फुसं परिपक्व होत आलेली असतात.’ आणि आईशी बोलत असाल, तर सरळ ‘बाळाची’ म्हणा.