अमेरिकेत नवीन आलेल्याने क्रेडिट फ्रीझ करावे, की मॉनिटरिंगची सेवा पुरेशी आहे?

सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळून सहाच महिने झाले आहेत आणि फ्रीझमुळे स्कोअर, म्हणजे आपली पत दाखवणारा आकडा, घसरेल अशी भीती वाटते, असे आपण लिहिले आहे. फ्रीझ म्हणजे आपला क्रेडिटचा अहवाल नव्या कर्ज देणाऱ्यांसाठी बंद ठेवणे, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्या कोणाला कर्ज काढणे अवघड होते. त्याने स्कोअर घसरत नाही. फ्रीझ करावे, आणि तिन्ही ठिकाणी करावे. ‘तिन्ही’ हा शब्द मुद्दाम लिहितो आहे, कारण एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या लोकांच्या कर्जांचा अहवाल ठेवणाऱ्या तीन संस्थांपैकी दोघींकडे फ्रीझ करून तिसऱ्या संस्थेला सोडून देणारा शहाणा मी स्वतःच होतो.

२०१७ मध्ये एक्विफॅक्सकडील सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचा गाजावाजा झाला आणि पुढच्या वर्षी, २१ सप्टेंबर २०१८ पासून, फ्रीझ देशभर मोफत झाले. त्याच आठवड्यात न्यू जर्सीतल्या घरी बसून मी दोन संस्थांचे काम दहा-दहा मिनिटांत उरकले. तिसऱ्या संस्थेच्या संकेतस्थळाला माझी ओळख पटेना; तिने ओळखपत्राची आणि वीजबिलाची प्रत टपालाने मागवली. पाकीट तयार झाले, तिकीट लागले, आणि फ्रीझचे ते पाकीट फ्रिजवरच राहिले. त्या दिवाळीला आमचे साडू जेवायला आले होते. ते आयटीत असल्यामुळे अशा बाबतींत त्यांचा शब्द घरात अखेरचा मानला जातो. “अहो, पहारेकरी ठेवल्यावर कुलूप कशाला?” असे म्हणून त्यांनी मला, ते स्वतः दरमहा पैसे भरून वापरत असलेली मॉनिटरिंगची, म्हणजे अहवालात नवे काही दिसले की ईमेलने कळवणारी, सेवा घ्यायला लावली. सगळे हसले, मीही हसलो.

फेब्रुवारीत टेक्सासमधल्या एका दुकानातून माझ्या नावावर हप्त्यांनी सोफा घेतला गेला. टेक्सासमध्ये मी आजतागायत पाऊल ठेवलेले नाही. कर्ज देणाऱ्याने माझा अहवाल मागवला तो नेमका त्या तिसऱ्या संस्थेकडून. आणि पहारेकऱ्याची ईमेल आली ती सोफा घरपोच झाल्यानंतर नवव्या दिवशी. त्या रात्री फ्रिजवरचे पाकीट धूळ झटकून पेटीत टाकले. जानेवारीत टपालाचा दर ५० वरून ५५ सेंट झाला होता, पण तिकीट ‘फॉरेव्हर’, म्हणजे दर वाढला तरी चालणारे, असल्यामुळे तेवढे पाच सेंट तरी वाचले.

पुढचे निस्तरणे लांबले. फेडरल ट्रेड कमिशनच्या आयडेंटिटी थेफ्ट डॉट गव्ह या संकेतस्थळावर तक्रारीचा अहवाल तयार करून तो संस्थेला पाठवला की बनावट नोंद चार कामकाजाच्या दिवसांत रोखावी लागते, आणि ती रोखलीही गेली. मात्र वसुलीची पत्रे जूनपर्यंत येत राहिली आणि प्रत्येकाला मी रजिस्टर्ड टपालाने उत्तर दिले. मॉनिटरिंग म्हणजे घर फुटल्याची बातमी विकत घेणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्रीझ असले की गाडीच्या कर्जासाठी खोळंबा होतो, हे साडूंचे दुसरे पालुपद. ऑनलाइन किंवा फोनवर विनंती केल्यास फ्रीझ एका तासात उठवावे लागते, असा कायदा आहे. कर्ज देणारा कोणाकडून अहवाल मागवणार हे आधी विचारून तेवढ्याच संस्थेचे फ्रीझ चार-पाच दिवसांपुरते उठवले तरी भागते.

आपल्याला आता पहिली एक-दोन कार्डे काढायची असतील तर ती आधी काढून मग फ्रीझ केलेले सोयीचे ठरेल, हे खरे तर वरच लिहायला हवे होते. आपला क्रेडिटचा इतिहास तोकडा असल्यामुळे माझ्यासारखीच टपालाची पाळी आपल्यावरही येऊ शकते. या संस्था ‘लॉक’ नावाचा स्वतःचा वेगळा प्रकारही पुढे करतात, काही ठिकाणी पैसे घेऊन. कायद्याने मिळते ते फ्रीझ, तेच घ्यावे. हातात असलेल्या कार्डाचा गैरवापर मात्र फ्रीझने थांबत नाही, आणि आपल्या नावाने कोणी खोटे करविवरणपत्र भरू नये यासाठी आयआरएस या प्राप्तिकर खात्याकडून सहा अंकी पिन वेगळा घ्यावा लागतो. सोळा वर्षांखालील मुलांचे फ्रीझही पालकांना मोफत करता येते. आमच्या मुलीचे मी केले आहे. साडूंच्या दोन्ही मुलांचे अजून व्हायचे आहे. त्यांच्यासाठी भरलेले अर्ज गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे तयार आहेत, फक्त सह्या राहिल्या आहेत.