पेट्रोलमधले शिसे गेले, मग हवेतले कुठून येते?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत सॅन होझेला राहते. घरापासून जेमतेम अर्ध्या मैलावर लहान विमानांचा रीड-हिलव्ह्यू विमानतळ आहे. तिथल्या हवेत शिसे असल्याचे शेजारी सांगतात. शिशाचे पेट्रोल तिकडे केव्हाच बंद झाले ना? नातू दोन वर्षांचा आहे.

उत्तर : बंद झाले ते मोटारींपुरते. १९७०च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला दोन लाख टनांहून अधिक शिसे हवेत जाई, त्यातले बहुतांश गाड्यांच्या धुरातून. १९७५च्या नव्या गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. शिशाने तो निकामी होतो, म्हणून बिनशिशाचे पेट्रोल पंपावर आले. १९९६पासून रस्त्यावरच्या वाहनांना शिसेयुक्त पेट्रोल विकणेच बेकायदा ठरले. आता देशभरातले उत्सर्जन वर्षाला हजार टनांच्याही आत आहे.

त्यातला सुमारे ७० टक्के वाटा मात्र पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांचा. जेट विमाने केरोसीनवर चालतात, त्यांचा इथे संबंध नाही. लहान विमानांच्या '१०० एलएल' इंधनातले 'एलएल' म्हणजे कमी शिसे; हे कमी म्हणजे लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत! जास्त दाबाच्या इंजिनात ठोके बसू नयेत म्हणून ते घालतात. प्लगवर साचू नये यासाठी सोबत ब्रोमिनचे संयुग असते, त्यामुळे शिसे धुराबरोबर बाहेर पडते. उड्डाणाआधी धावपट्टीच्या टोकाशी विमान उभे करून इंजिन तपासतात, प्रमाण सर्वांत जास्त तिथे. देशाच्या सरासरीत हे दिसत नाही.

रीड-हिलव्ह्यूवर जानेवारी २०२२पासून शिसेयुक्त इंधनाची विक्री बंद आहे. पण बाहेरून टाकी भरून येणारी विमाने उतरतातच. कॅलिफोर्नियाभर विक्रीबंदी २०३१पासून आहे. शिवाय मातीत मुरलेले शिसे विरत नाही.

म्हणून नातवाची रक्ततपासणी करून घ्या. बोटाला टोचून केलेल्या चाचणीत आकडा जास्त आला, तर शिरेतले रक्त घेऊन खात्री करावी, कारण त्वचेवरच्या धुळीनेही तो फुगतो. डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आले, तर घरातला उगम शोधायचा. घर १९७८पूर्वीचे असेल तर पहिला संशय शिसेयुक्त रंगावर घ्या, विशेषतः वरखाली सरकणाऱ्या खिडक्यांच्या चौकटींवर. घासून तिथला रंग भुकटी होऊन पडतो. तो स्वतः खरवडू नका. फरशी ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. साधा व्हॅक्यूम बारीक धूळ परत हवेत सोडतो. अतिबारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा वापरा. चपला दाराबाहेर, जेवणाआधी हात धुणे. परसातली भाजी विकतच्या मातीच्या वाफ्यात लावा.

प्रश्न : जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्यांचे काय?

उत्तर : खनिजापासून शिसे काढणारी अमेरिकेतली शेवटची भट्टी, मिसुरीतल्या हर्क्युलेनियमची, २०१३च्या अखेरीस बंद झाली. उरल्या त्या बॅटऱ्यांच्या. धुराड्याला गाळण्या असतात. खरा त्रास बॅटऱ्या फोडताना, भट्टीतली मळी हलवताना, ट्रकच्या चाकांबरोबर उडणाऱ्या धुळीचा. त्यामुळे अशा भट्ट्यांवर पूर्ण शेड बंद करून धूळ बाहेर जाऊ नये म्हणून आत हवेचा दाब कमी ठेवण्याची सक्ती आहे. हवेतल्या शिशाची मर्यादाही २००८मध्ये घनमीटरला १.५वरून ०.१५ मायक्रोग्रॅमवर आली, आणि तीही सलग तीन महिन्यांच्या सरासरीवर.