वासोट्याला एका दिवसात जाऊन यायचंय, पाठीवरच्या सॅकमध्ये काय काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्याला बदली होऊन सहा महिने झालेत, ऑफिसातले पाच जण मिळून डिसेंबरात वासोट्याला जाणार आहात, अजिंक्यताऱ्याशिवाय एकही गड चढलेला नाही आणि नेटवरच्या याद्या वाचून गोंधळ उडालाय. त्या याद्यांतल्या वस्तू बहुतेक बरोबरच असतात, पण कुठली कशासाठी न्यायची ते त्यात नसतं. मी साताऱ्याचीच. गेली अठरा-वीस वर्षं इथले डोंगर फिरतेय. माझं सांगणं एवढंच, की सॅक भरताना डोळ्यांसमोर उतरण आणा. चढताना सकाळ असते, अंगात जोर असतो, बाटल्या भरलेल्या असतात. पाणी संपतं, पाय मुरगळतो, अंधार गाठतो ते सगळं उतरताना.

मला हे कल्याणगडानं शिकवलं. मार्गशीर्षातला रविवार होता. लहानसा गड, दोन तासांत होईल म्हणून मी आणि माझी मावसबहीण जेवून दुपारी निघालो. वर कड्याच्या पोटात गुहा आहे, आत थंडगार पाणी आणि पार्श्वनाथाची मूर्ती. त्या गुहेत आमचा वेळ कसा गेला कळलंच नाही. उतरायला लागलो तेव्हा ऊन गेलं होतं. मुरमाच्या घसाऱ्यावर तिचा पाय घसरला आणि घोटा मुरगळला. आमच्याकडे दोघींत मिळून अर्धी बाटली पाणी, आणि उजेड म्हणजे माझा मोबाईल, त्याचीही बॅटरी संपत आलेली. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातानं तिला धरलेलं, म्हणजे तोल सावरायला माझा एकही हात मोकळा नाही. तासाभराच्या वाटेला आम्हाला तीन तास लागले. तेही खालच्या वस्तीवरचे एक मामा उजेड बघून बॅटरी घेऊन वर आले म्हणून. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, तिच्या बुटावरूनच घोट्याला आठाच्या आकड्यासारखा आवळून बांधला, आणि एवढंच म्हणाले, "ताई, दिस मावळायच्या आत उतराय पायजे व्हतं."

तेव्हापासून माझ्या सॅकमध्ये डोक्याला बांधायची बॅटरी कायम असते, सकाळी निघून दुपारी परतायचं असलं तरी. हेडलॅम्प मागितला की दुकानात मिळतो. प्रत्येकाचा स्वतःचा हवा. पाच जणांत दोन चालणार नाहीत, कारण मागच्याच्या पायाखाली पुढच्याची सावली पडते. सेल नवे घाला आणि घरी लावून बघा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि वासोट्याची वाट दाट जंगलातून असल्यामुळे तिथं त्याच्याही आधी अंधारून येतं.

दुसरी वस्तू तो सुती पंचा. उन्हात भिजवून डोक्यावर घ्या, हात दुखावला तर गळ्यात झोळी करा, रक्त आलं तर घडी करून दाबून धरा. आग्या मोहोळ उठलंच तर डोकं-तोंड झाकून तिथून लांब पळायला तोच. हात झटकत उभं राहू नका. मधमाश्यांसाठी आणखी एक पथ्य पाळा: त्या दिवशी अत्तर, सेंट काही लावायचं नाही आणि वर कुणी सिगारेट पेटवायची नाही.

पाणी माणशी तीन लिटर. जड होतं, खांदे दुखतात, मान्य आहे, पण त्यात काटछाट करू नका. ओढ्याचं किंवा टाक्याचं पाणी मिळेल हा हिशोबच धरायचा नाही. माथ्यावर पोचल्यावर बाटल्या बघा. अर्ध्याहून कमी पाणी उरलं असेल तर जास्त न रेंगाळता खाली निघा. सोबत ओआरएसची दोन पाकिटं ठेवा आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळा, अंदाजानं चिमूटभर टाकू नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

खायला दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, काकडी, गूळ-शेंगदाणे. दशमी दुधात भिजवलेली असते म्हणून मऊ राहते, पाणी न पिता घशाखाली उतरते. फरसाण, चिवडा नेऊ नका, तहान वाढते. चार कंदी पेढे मात्र वेगळ्या डबीत राहू द्या. उतरताना कुणाचे पाय लटपटायला लागले तर बसवून एक पेढा आणि चार घोट पाणी द्या, दहा मिनिटांत माणूस उभा राहतो.

वासोट्याचं म्हणून थोडं वेगळं. कासवरून बामणोली, तिथं वनखात्याची परवानगी, मग शिवसागराच्या पाण्यातून तासाभराहून जास्त लाँचचा प्रवास. ओळखपत्र आणि रोख पैसे लागतात. सकाळी लाँचमध्ये गार वारा झोंबतो, विंडचीटर हवाच. पायथ्याला मेट इंदवलीत प्लास्टिक मोजून नोंदवतात आणि परत येताना तपासतात. हे अभयारण्य आहे, गवे-अस्वलांचं घर आहे. तेव्हा डबे-बाटल्या स्टीलच्या आणि पुड्या कागदाच्या न्या. जंगलात रेंज मिळत नाही. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका आणि कुठला गड, किती वाजता परत, हे घरी कागदावर लिहून ठेवा. गळ्यात शिट्टी असू द्या. चुकामूक झाली तर एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा.

औषधांत आपापल्या रोजच्या गोळ्या, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम. सापाची भीती सगळेच विचारतात. आपल्याकडे फुरसं, घोणस, नाग, मण्यार आहेतच. वाट सोडून गवतात शिरू नका, बघितल्याशिवाय कपारीत हात घालू नका. चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही. अंगठी, घड्याळ काढा, चावल्याची वेळ लक्षात ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून खाली आणा. रेंज आली की 108 लावा आणि थेट सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेल्या दवाखान्यात न्या.

हे सगळं वीस-पंचवीस लिटरच्या, दोन्ही खांद्यांवर बसणाऱ्या सॅकमध्ये मावतं. एका खांद्यावर लोंबणारी पिशवी नको, दोन्ही हात मोकळे हवेत. बूट खाचांच्या रबरी तळव्याचे, आणि आधी दोन-तीनदा यवतेश्वरापर्यंत चालून पायात बसवलेले. उतरायच्या आधी खाली बसून नाडी घोट्यापाशी पुन्हा घट्ट बांधा, नाहीतर प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो आणि दुसऱ्या दिवशी नख काळंनिळं पडलेलं दिसतं. म्हणून आदल्या रात्री सॅक भरून झाली की पायाची नखं कापा.